कपाटांतला चेंडू

क्रिकेटच्या मैदानांत सीमेपलीकडे गेलेला चेंडू प्रेक्षकांनीं निमूटपणें परत फेकावा, अशी रीत आहे. अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें मात्र तो ज्याच्या हातीं लागेल त्याचा. हा हक्क भांडून मिळालेला आहे. १९२१ सालीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका गृहस्थानें हातीं आलेला चेंडू रखवालदारांस देण्याऐवजीं गर्दींत भिरकावला. त्याबद्दल त्यास बाहेर घालविण्यांत आलें. गृहस्थ कोर्टांत गेला आणि १०० डॉलर भरपाई घेऊन आला. पुढें हळूहळू मैदानांच्या चालकांनीं प्रेक्षकांपुढें हार मानली, आणि घरोघरच्या कपाटांत असे चेंडू मानानें विराजमान झाले.

वस्तु म्हणून त्यांत नवलाचें कांहीं नाहीं. बुचाचा व रबराचा गाभा, त्यावर लोकरीच्या सुताचे घट्ट वेढे, वर चामडें आणि तांबड्या दोऱ्याचे १०८ दुहेरी टांके. वजन फार तर सव्वापांच औंस. एक चेंडू दुसऱ्यासारखाच! बापलेकांनीं मिळून ज्या दुपारीं तो झेलला, ती दुपार चामड्यावर उमटत नाहीं. ती सांगणारें माणूस घरांत असावें लागतें. तें गेलें कीं उरतो केवळ एक जुना चेंडू.

बाजाराला हें चांगलें ठाऊक आहे. १९९८ सालीं मार्क मॅग्वायर ‘होम रन’च्या, म्हणजे मैदानापलीकडे टोलविलेल्या चेंडूंच्या विक्रमाजवळ येऊं लागला, तेव्हां त्याच्यासाठीं वापरावयाच्या चेंडूंवर आधींच गुप्त खुणा करून ठेवण्यांत आल्या. त्याच्या सत्तराव्या होम रनचा चेंडू पुढल्या वर्षीं सुमारें तीस लाख डॉलरांस विकला गेला. खूण पटली, किंमत ठरली. आठवण मात्र विकत घेणाऱ्याची नव्हती.

त्यापेक्षां १९६१ सालची हकीकत अधिक लोभस आहे. रॉजर मॅरिसनें बेब रूथचा ६० होम रनांचा विक्रम मोडला, तो चेंडू एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं आला. तरुण तो मॅरिसलाच द्यावयास निघाला. मॅरिसनें तो त्यालाच ठेवून चार पैसे मिळविण्यास सांगितलें. त्याचे ५,००० डॉलर आले.

रूथच्या नांवाशीं जोडला गेलेला सर्वांत प्रसिद्ध चेंडू तर कोणीं झेललेलाच नव्हे. १९२६ सालीं न्यू जर्सींतील अकरा वर्षांचा एक मुलगा अंथरुणाला खिळला होता. त्याला खेळाडूंच्या सह्यांचे चेंडू पाठविण्यांत आले. त्यांपैकीं एकावर रूथनें बुधवारच्या सामन्यांत त्याच्यासाठीं एक होम रन मारण्याचें वचन लिहिलें होतें. त्या बुधवारीं, ६ ऑक्टोबरला, रूथनें तीन मारले. मुलगा बरा झाला. वृत्तपत्रांनीं सारें श्रेय रूथला दिलें. डॉक्टर बिचारे मागें पडले.

तो मुलगा मोठा झाला, दुसऱ्या महायुद्धांत आरमारांत अधिकारी झाला. १९४७ सालीं, कर्करोगानें खंगलेल्या रूथच्या समाचाराला तो न्यूयॉर्कला त्याच्या घरीं गेला. जातांना तो चेंडू बरोबर घेऊन गेला. आतां आजारी होता तो रूथ. धीर द्यावयाचा होता तो त्या मुलानें. पुढल्या वर्षीं ऑगस्टमध्यें रूथ वारला. मुलगा १९९० पर्यंत जगला.