शहर = शहर, पण कोणतं?

आजचा विषय डेटाबेसचं काम करणाऱ्यांसाठी आहे. इंदूर, हैदराबाद, बडोदा, कुठेही बसून तुम्ही क्वेरी लिहीत असाल तर कधी ना कधी याच्याशी गाठ पडणारच.

समजा, एका संस्थेचं ‘सभासद’ नावाचं टेबल आहे आणि त्यात ‘शहर’ हा कॉलम आहे. एका शहराची जुनी नोंद काढून टाकायला आपण प्रोसिजर लिहितो आणि तिला जे शहर द्यायचं, त्या पॅरामीटरलाही ‘शहर’ हेच नाव देतो. नावं इथे समजण्यापुरती मराठीत घेतो. आत वाक्य येतं:

डिलीट फ्रॉम सभासद व्हेअर शहर = शहर

लिहिणाऱ्याच्या मनात डावीकडचं शहर कॉलम आहे आणि उजवीकडचं पॅरामीटर. पण मशीनला मन वाचता येत नाही. ते आपल्या नियमाप्रमाणे चालतं, आणि तो नियम प्रत्येक डेटाबेसचा वेगळा.

ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्ये एसक्यूएल वाक्याच्या आत कॉलमचा मान पहिला. म्हणजे दोन्ही बाजूंना कॉलमच. प्रत्येक ओळीत शहर स्वतःशी जुळतं आणि सगळ्या ओळी जातात. वाचतात फक्त ज्यांचं शहर नल आहे त्या, कारण नल स्वतःशीही जुळत नाही. मायएसक्यूएलमध्ये नेमकं उलट: तिथे व्हेरिएबलचा मान पहिला. दोन्ही बाजूंना ‘इंदूर’. अट प्रत्येक ओळीला खरी, म्हणजे नलवाल्या ओळीही गेल्या. नियम परस्परविरोधी, पण टेबल दोन्हीकडे साफ. आणि एररचं एक अक्षर नाही! प्रोसिजर यशस्वी झाली असंच सांगते.

पोस्टग्रेसही पूर्वी गुपचूप व्हेरिएबल धरायचं. 2010 साली आलेल्या 9.0 आवृत्तीपासून ते थांबतं आणि शहराचा उल्लेख संदिग्ध आहे असं सांगतं. या एररवर तरुण मंडळी वैतागतात. मला विचाराल तर हा संत्री फार कामाचा आहे. मात्र एक लक्षात ठेवा: फंक्शन तयार करताना तो अडवत नाही, ते वाक्य प्रत्यक्ष चालतं तेव्हा अडवतो. क्वचित चालणाऱ्या फांदीत असं वाक्य असेल तर ते महिनोन्‌महिने लपून राहू शकतं.

चाचणीत हे का सापडत नाही? कारण आपण क्वेरी आधी बाहेर, हाताने ‘इंदूर’ लिहून चालवतो. तिथे व्हेरिएबलच नसतं, त्यामुळे निकाल अगदी बरोबर येतो. मग तीच क्वेरी प्रोसिजरमध्ये टाकतो. चाचणी प्रोसिजरचीच करायला हवी, ट्रान्झॅक्शनच्या आत, किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा पाहून, आणि कमिट त्यानंतर.

उपाय काय? आमच्या कंपनीत एका वेळी चार-चार शिंदे असायचे. नुसतं ‘शिंदे’ म्हणून हाक मारून भागत नसे, आर्मी नंबरचे शेवटचे आकडे जोडावे लागत. इथेही तसंच. पॅरामीटरला ‘पी_शहर’, आतल्या व्हेरिएबलला ‘व्ही_शहर’ म्हणा. मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजरचं नाव जोडून व्हेरिएबल ओळखायची सोय नाही, तिथे हाच मार्ग.

पण असा उपसर्ग म्हणजे आपापसातला करार. ओरॅकलमध्ये खरा धोका पुढे येतो. आज व्हेरिएबलचं नाव ‘मुदत’ आहे आणि टेबलात तसा कॉलम नाही, सगळं नीट चालतंय. दोन वर्षांनी दुसरं कोणी टेबलात ‘मुदत’ कॉलम वाढवतं. तुमच्या प्रोसिजरची एक ओळही बदललेली नसते, पण अर्थ बदलतो. म्हणून तिथे प्रोसिजरचं नाव जोडा: ‘सभासद_काढा.शहर’. पोस्टग्रेसमध्येही फंक्शनचं नाव असं जोडता येतं. फक्त कॉलमला टेबलचं नाव जोडून भागत नाही. ‘सभासद.शहर = शहर’ लिहिलंत तर मायएसक्यूएलमध्ये काम होतं, पण ओरॅकलमध्ये उजवीकडे पुन्हा कॉलमच बसतो आणि पोस्टग्रेस पुन्हा अडवतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हेरिएबलला @ लागतंच, त्यामुळे तिकडची मंडळी निवांत असतात. पण @ टाकायचं राहिलं की तिथेही शहर = शहर.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी आणखी एक. ‘रिटर्न्स टेबल’ लिहून जे कॉलम परत पाठवता, तीही नावं फंक्शनमध्ये व्हेरिएबल होतात. म्हणून पॅरामीटर एकही नसताना संघर्षाचा एरर येतो आणि माणूस चक्रावतो. बहुतेक ठिकाणी टेबलचं टोपणनाव जोडलं की सुटतं. ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’च्या कंसात मात्र कॉलमला टेबलचं नाव जोडताच येत नाही. तिथे कन्स्ट्रेंटचं नाव द्या, नाहीतर फंक्शनच्या अगदी वर ‘#व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट यूज_कॉलम’ ही ओळ टाका. ती त्या एका फंक्शनपुरतीच लागू होते. हीच सेटिंग सगळ्या सर्व्हरला लावून एरर बंद करण्याचा मोह काहींना होतो. तसं करू नका, संत्र्याला झोपवल्यासारखं होईल.

आता तुमच्याकडच्या जुन्या प्रोसिजर काढा. डिलीट आणि अपडेट आधी, सिलेक्ट नंतर. प्रत्येक व्हेअरमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव आहे का, तेवढं शोधा.