गिऱ्हाईक सांगते काय आणि करते काय
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावीनंतर काय, या विषयावर या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलतो. डॉक्टर, इंजिनियर, बी.एड., फार झाले तर सी.ए., एवढ्यावर यादी संपते. मी आज ज्या कामाविषयी बोलणार आहे ते या यादीत कधी आलेले मला आठवत नाही. ते काम म्हणजे जाहिरातीची कल्पना शोधणे आणि त्यासाठी ग्राहकाचे मन समजून घेणे. आपल्यापैकी पुष्कळांची किराणा, कापड, मासळी, भंगार अशी दुकाने आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही, फक्त त्याला विद्या म्हणतात हे आपण ऐकलेले नाही.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात चांगल्या हातांनी झाली. ज्या विक्रम साराभाईंना आपण अवकाश संशोधनाचे जनक म्हणून ओळखतो, त्यांनीच १९६० मध्ये बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था काढली. दुकानातला माल किती खपतो, कोण घेतो, याचा शास्त्रीय हिशेब ठेवण्याचे काम तिने केले. पण आकडा सांगतो किती, का ते सांगत नाही. ‘का’ शोधायला माणसाजवळ जाऊन बसावे लागते.

याचे ठळक उदाहरण अलिक पदमसी यांचे आहे. मुंबईच्या खोजा व्यापारी कुटुंबातला हा माणूस. ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटात जिनांची भूमिका त्यांनी केली, ती अनेकांनी पाहिली असेल. पण त्यांचा खरा व्यवसाय जाहिरातीचा. लिंटास या कंपनीचे ते बरीच वर्षे प्रमुख होते. २००० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळात हिंदुस्थान लीव्हरचा सर्फ हा पावडरीतला राजा होता. तो १९५९ मध्ये बाजारात आला होता. मग अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या, सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या गृहस्थाने १९६९ मध्ये घरच्या घरी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. ती निरमा. किंमत सर्फच्या निम्म्याहून कमी. बघता बघता सर्फला घाम फुटला. आता सर्फची जाहिरात करायची तरी कशी? महाग वस्तू चांगली असते असे ओरडून सांगितले, तर बाई म्हणणार, असेल चांगली, मला परवडत नाही.

पदमसींना उत्तर स्वतःच्या घरात सापडले. ऐंशीच्या दशकातील जाहिरातीतली ललिताजी आपल्या आईवरून सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करणारी बाई काही वस्तूंना मात्र बिनतक्रार जास्त पैसे मोजते. असे का? कारण तिच्या लेखी स्वस्त वस्तू आणि चांगला सौदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीचे काम करतो, हा हिशेब ललिताजीच्या तोंडी घातला आणि तो बायकांना पटला, कारण तो त्यांचाच होता. ‘तुम्ही काटकसरी आहात का?’ असा प्रश्न छापून वाटला असता, तर शंभरातल्या शंभर जणींनी ‘हो’ म्हटले असते आणि हाती काहीच लागले नसते.

लिरिल साबणाचेही तसेच. दिवसभर घरच्यांसाठी राबणाऱ्या बाईला स्वतःचा असा वेळ मिळतो तो फक्त न्हाणीघरातली दहा मिनिटे, हे पाहणीत लक्षात आले, आणि त्यातून धबधब्याची कल्पना निघाली, असे पदमसी सांगत. त्या जाहिरातीतल्या पोशाखाविषयी आपल्यापैकी अनेकांचे मत चांगले नसेल. माझेही नाही. पण ती दहा मिनिटे ज्याने हेरली, त्याची नजर मानलीच पाहिजे. आपल्या घरातली बाई केव्हा मोकळी असते, हे इथल्या किती पुरुषांना सांगता येईल?

मात्र जाहिरातीने सगळे साधते असे समजू नये. ज्याच्या खिशात खरोखरच पैसे नाहीत त्याला ललिताजी काय पटवणार? म्हणूनच ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लीव्हरला व्हील ही स्वस्त पावडर काढावी लागली.

तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी हे आधीच ओळखले होते. मजूर महिन्याचा माल एकदम भरत नाही, रोजच्या मजुरीतून रोजचे घेतो. श्रीमंताचा शाम्पू त्यालाही मिळायचा तर तो एका डोक्यापुरताच बांधून दिला पाहिजे, या विचाराने त्यांनी पुड्या काढल्या. पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांवर चिक शाम्पू सुरू केला. गावोगावी पोरांची डोकी धुऊन दाखवली, रिकाम्या पुड्या परत घेऊन नवी दिली. त्या पुड्यांनी आज आपली गटारे तुंबतात, ही त्या युक्तीची दुसरी बाजू.

या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक काम दिले. मोहल्ल्यातल्या वाण्याच्या दुकानापाशी अर्धा तास उभे राहायचे, कोणाला काही विचारायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे. एका मुलीने लिहिले की बायका चहाचे नाव घेत नाहीत, ‘लाल पुडा द्या’ म्हणतात. एका मुलाने लिहिले की दुकानात धाडलेले लहान पोर आईने सांगितलेला शब्द वाटभर घोकत येते, आणि वाणी दुसरे काही देऊ लागला तर रडकुंडीला येते. म्हणजे घरातला माल कोणता, हे त्या शब्दावर ठरते. हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. अशा नोंदीसाठी कंपन्या पैसे मोजतात.

मुलींच्या पालकांना एक खास सांगणे आहे. घराघरांत जाऊन बायकांशी बोलण्याचे काम पुरुषाला जमत नाही. अनोळखी पुरुषापुढे बाई मोकळी होत नाही. आपल्या मुली उर्दू बोलतात, मराठी बोलतात, काही घरांत कोकणीही चालते. त्यांना चुलीपर्यंत प्रवेश आहे. अशी मुलगी समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाली, तर या क्षेत्रात तिला मागणी आहे. दहावीनंतर तिला घरी बसवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

ज्यांचा हात चित्रकलेत चालतो त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय परीक्षा शाळेतच द्याव्यात. पुढे उपयोजित कलेची पदवी आहे. मुंबईला सर ज. जी. उपयोजित कला संस्था आहे, तशी इतरही महाविद्यालये आहेत. लेखनाकडे ओढा असेल तर अहमदाबादची ‘मायका’ आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खास याच कामाचे शिक्षण देते, मात्र पदवीनंतर. तिची फी मोठी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीने तिच्या यादीत या अभ्यासक्रमांचाही समावेश करावा, अशी अध्यक्ष महोदयांना माझी विनंती आहे.

नववीच्या त्या वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पालकांनी जाता जाता आपल्या मुलाची वही अवश्य चाळावी.