बांधापलीकडची कीड



कीड म्हटली की औषध कोणते आणि मात्रा किती, एवढाच विचार करण्याची सवय सर्वांना जडली आहे. वस्तुतः एका शेतात कीड किती पडेल, हे त्या शेताइतकेच सभोवतालच्या शिवारावरही ठरते.

नांदेड जिल्ह्यातील कपाशी पाहावी. 2002 साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली, 2006 साली दुहेरी जनुकाचे वाण आले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर बोंडे पोखरली. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. तेव्हा काही महिने शिवारात कपाशी नसली, तर तिची साखळी तुटते. परंतु फरदडीच्या एकदोन वेचण्यांची आशा सुटत नाही, पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या राहतात, जिनिंगच्या आवारात सरकी पडून असते. ज्याने डिसेंबरातच कपाशी उपटली, त्याच्याही पिकावर शेजारच्या फरदडीतला पतंग येतो. खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, अशा कामात एकट्याने का पडावे? हा हिशेब चुकीचा नाही, आणि म्हणूनच केवळ उपदेशाने फरदड थांबत नाही.

2006 नंतर पिठ्या ढेकूण गाजरगवतावर पोसून कपाशीवर उतरला. त्यास आवरले ते मुख्यतः एनॅशियस नावाच्या एका इवल्या परोपजीवी माशीने. तिची बाटली कोणी विकत घेतली नव्हती! जहाल फवारणीत मात्र ढेकणाबरोबर तीही मरते.

लातूरच्या बालाघाट पठारावर खरीप ज्वारी, मूग, उडीद, तूर ही पिके एकमेकांच्या सोबतीने उभी असत. ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे वाढत, कणसांवर पाखरे येत आणि अळ्याही टिपत. आज कोसच्या कोस एकाच वयाचे सोयाबीन आहे. 2008 च्या खरिपात तंबाखूवरील अळीने मराठवाडा-विदर्भात सोयाबीन फस्त केले, त्यानंतर राज्यात कीड सर्वेक्षणाची क्रॉपसॅप योजना आली. योजना चांगलीच आहे. तथापि सल्ला शेवटी उधारीवर औषध देणाऱ्या दुकानदाराकडूनच मिळतो.

बांधावरचे सर्वच मित्र असतात, असेही नव्हे. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर लिंब-बाभळीवरच जमतात. 2022 साली लातूरकडे कोवळे सोयाबीन खाणाऱ्या गोगलगायी बांधावरच्या दगडांत नि पाचोळ्यात दडत. म्हणून झाडे तोडावीत काय? नाही. भुंगेरे आणि गोगलगायी रात्री, संध्याकाळी वेचाव्या लागतात, आणि त्याही साऱ्या गावाने एकाच वेळी.

येथे जमिनीचा प्रश्न आडवा येतो. वर्षाच्या बोलीने बटाईने कसणारा मनुष्य बांधावर झाड कशासाठी जोपासेल? पुढच्या वर्षी ते रान त्याच्याकडे असेलच असे नाही. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण दारात खरेदी केंद्र नसेल तर सोयाबीन सोडून ज्वारी कोण पेरील?

कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या ग्रामसभांत हे विषय मांडावेत: फरदड काढण्याची एक तारीख, बुडालेल्या वेचणीबद्दल अल्पभूधारकास अनुदान, जिनिंग मालकांच्या खर्चाने आवारात कामगंध सापळे, आणि कपाशीभोवती चवळीच्या ओळींसाठी फुकट बियाणे.