आमच्या पश्चात

मराठी माणसाने आईचे जितके गुणगान केले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाचे केले असेल. परंतु या गुणगानाकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आपण आई आठवतो ती बहुधा तिच्या मुलाच्या मोठेपणातून. जिजाबाईंचे स्मरण आपण शिवरायांच्या पराक्रमाच्या प्रकाशात करतो. श्यामची आई घरोघरी पोचली, कारण साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून तिच्या आठवणी लिहिल्या. मूल हेच आईचे स्मारक, असा जणू आपला संकेत ठरून गेला आहे. मग ज्या आईचे मूल पराक्रम गाजवणार नाही, आठवणी लिहिणार नाही, कदाचित आपले संपूर्ण नावही स्पष्ट उच्चारू शकणार नाही, त्या आईचे स्मरण कोणी करावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच नाशिक नगरीत सापडते. श्रीमती रजनीताई लिमये या तेथील एक शिक्षिका. त्यांचा मुलगा बुद्धीच्या वाढीत मागे राहिलेला. दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्यात जिचा दिवस जाई, तिच्या स्वतःच्या मुलाला मात्र शाळेचे दार बंद, यापेक्षा विचित्र दैवगती ती कोणती? अशा वेळी माणसे दोन वाटांनी जातात. काही जण नवससायासांत मन रमवितात, काही जण मुलाला आतल्या खोलीत ठेवून बाहेरच्या जगाशी हसून बोलतात. रजनीताईंनी तिसरी वाट धरली. १९७७ साली त्यांनी नाशिकमध्ये मोजक्या मुलांना घेऊन ‘प्रबोधिनी विद्यामंदिर’ ही शाळा सुरू केली. माझ्या मुलासाठी शाळा नाही, या दुःखाचे त्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा हवी, या मागणीत रूपांतर केले. ‘माझे’ या शब्दाच्या जागी ‘आपले’ हा शब्द आला, एवढाच काय तो बदल. परंतु सारे सामाजिक कार्य या एका बदलातूनच जन्माला येते.

ही वाट त्यांच्याआधीही काही जण चालले होते. मुंबईत १९४४ साली होरमसजी व जय वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने अशाच मुलांची शाळा उघडली. ‘जय वकील शाळा’ म्हणून ती सर्वश्रुत आहे. त्याच मुंबईत १९७२ साली श्रीमती मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलांसाठी केंद्र काढले, तेही आपल्या मुलीच्या पायी. ही मुलगी, मालिनी चिब, पुढे उच्चशिक्षित झाली आणि एका बोटाने टंकलेखन करून तिने आपले आत्मचरित्र लिहिले. शरीर जखडलेले असले म्हणजे बुद्धीही जखडलेली असते, हा समज किती खोटा आहे, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा? पण येथेही ध्यानात घ्यावयाचे ते हे की, मुलीच्या हाती लेखन येण्यापूर्वी आईच्या हातून शाळा उभी राहावी लागली.

अशा शाळेत काय शिकवितात, याविषयी बाहेर बरेच अज्ञान आहे. शर्टाची गुंडी लावणे हे आपल्याला एक काम वाटते. तेथील शिक्षिकेला ती पाच-सहा कामांची साखळी दिसते. गुंडी चिमटीत धरणे, काजे शोधणे, गुंडी त्यात अर्धी घालणे, दुसऱ्या बाजूने ती ओढून घेणे, अशा पायऱ्या पाडून त्या शिकवावयाच्या. पुष्कळदा आरंभ शेवटच्या पायरीपासून करतात. आधीचे सारे शिक्षिका करते आणि अखेरचे ओढणे तेवढे मुलावर सोपविते. म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मुलाच्या पदरात पडतो. मग नाणी ओळखणे, रस्ता ओलांडणे, पत्ता सांगणे. यातील एकेका गोष्टीला महिने लागतात. मुले मोठी झाली की त्यांच्यासाठी संरक्षित कार्यशाळा लागते. नाशिकच्या संस्थेनेही ही पुढची पायरी गाठली.

या मातांना आणखी एका गोष्टीशी झगडावे लागते, ती म्हणजे दूषण. मुलात काही उणे निघाले की बोट आईकडे वळते. तिच्या गरोदरपणातले ग्रहण आठवते, तिच्या माहेरचे कूळ आठवते. वस्तुतः डाऊन सिंड्रोम ही अवस्था पेशीतील एका जादा गुणसूत्रामुळे येते, हे १९५९ सालीच फ्रान्समध्ये सिद्ध झाले. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, बालपणी मेंदूचा ज्वर होणे, अशीही कारणे असतात. काही वेळा नेमके कारण हाती लागतही नाही. यांपैकी कशातही आईचे पाप कोठे आले? हे समजावून सांगणे, हाही या मातांच्या कार्याचा एक भाग होता.

शासनाचे पाऊल मातांच्या मागून पडले, हे शासकीय सेवेतील मनुष्य या नात्याने मला मान्य केले पाहिजे. अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. म्हणजे वकील दांपत्याच्या शाळेनंतर तब्बल ५१ वर्षांनी, आणि रजनीताईंच्या शाळेनंतर १८ वर्षांनी! त्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या कायद्यात ती २१ झाली आणि ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख भरली होती. म्हणजे हा प्रश्न मूठभर घरांचा नाही.

तथापि या मातांच्या मनातला खरा प्रश्न शाळेचा नसतोच. तो त्या सहसा मोठ्याने विचारीत नाहीत. पण बोलता बोलता थांबतात तेव्हा तो ऐकू येतो. आमच्या पश्चात काय? इतर आईबापांना मृत्यूचे भय वाटते. यांना मरणाचीही मोकळीक नसते. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने या प्रश्नाला हात घातला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता, या चार अवस्थांसाठी तो आहे. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान; आईबापांची सहीही मग त्याच्या वतीने आपोआप चालत नाही. म्हणून जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती यांची स्थानिक समिती पालक नेमून देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावयाची आणि दरवर्षी हिशेब सादर करावयाचा, असे बंधन आहे. आईच्या मायेची जागा कागद घेऊ शकत नाही हे खरे. पण आईच्या मागे पोराच्या वाट्याची दोन खोल्यांची जागा कोणी लाटू नये, एवढी राखण तो करू शकतो.

हे मी नर्मदाकाठच्या जबलपुरातून बोलत आहे. येथेही न्यायमूर्ती तन्खा यांच्या स्मरणार्थ रोटरीच्या वतीने विशेष मुलांची संस्था चालते. या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली; नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होते, त्या काळापासून तर विशेषच. तेव्हाच्या मोठ्या घरात अशा मुलाला एखादी आत्या, एखादा काका मिळे. आता मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात, आणि म्हातारे आईबाप व त्यांचे चाळिशीतले लेकरू एवढेच घरात उरते. कायद्याची समिती जिल्ह्याच्या ठिकाणी असते खरी, पण तिचे दार ठोठावावे लागते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. शेजाऱ्याने ते सांगावे, अर्ज लिहून द्यावा, कचेरीत सोबत जावे. आणि कचेरीत बसलेल्याने समोरच्या मातेला दुसऱ्यांदा खेपा घालावयास लावू नये. यात अवघड असे काय आहे?

रजनीताई लिमये २०१८ साली निवर्तल्या. त्यांच्या शाळेत जी मुले शिकली त्यांपैकी कित्येकांना त्यांचे चरित्र वाचता येणार नाही, की त्यांच्या पुण्यतिथीला चार शब्द बोलताही येणार नाहीत. पण सकाळी स्वतःच्या हाताने गुंडी लावून ती मुले घराबाहेर पडतात. अशा मातांचे स्मरण मुलांकडून होण्यासारखे नसते, म्हणूनच ते समाजाकडे येते. आणि ते फिटते ते शब्दांनी नव्हे, तर त्यांच्या त्या अर्धवट सोडलेल्या प्रश्नाला, तुमच्या पश्चात आम्ही आहोत, असे उत्तर देण्याने.