सही चालते आहे तोवर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



उतारवयाचा विषय निघाला की आपल्याकडे संस्कारांवर बोलले जाते. मुलांनी आई-वडिलांना सांभाळावे, याबद्दल दुमत नाही. पण आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारी माणसे. आम्हाला वेगळीच अडचण दिसते. मुलगा चांगला असतो, सून चांगली असते, खात्यात पैसेही असतात. पण ते काढता येत नाहीत. वडिलांना पक्षाघात झालेला, खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि दवाखान्याचे बिल समोर! अशा वेळी नुसती माया असून भागत नाही, कागद लागतो. म्हणून आज आम्ही कागदांबद्दलच बोलणार आहोत.

पहिली गोष्ट खात्याची. नवरा-बायकोचे खाते संयुक्त असावे आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. मुदत ठेवीचे मात्र लक्षात ठेवा. दोघेही हयात असताना ती मुदतीआधी मोडायची झाल्यास दोघांच्या सह्या लागतात. म्हणून सगळी पुंजी एकाच पावतीत अडकवू नये. चार-पाच लहान पावत्या कराव्यात, त्यांच्या मुदती पुढेमागे ठेवाव्यात. आजारपणामुळे सही जमत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितले आहे. ती मागून घ्यावी लागते. आपण विचारत नाही म्हणून मिळत नाही.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. खात्याला नॉमिनी लावलाच पाहिजे. नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक, हा समज चुकीचा आहे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, ते त्याने खऱ्या वारसांना द्यायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत हे 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. कोणाला किती द्यायचे हे ठरवणारा कागद म्हणजे मृत्युपत्र.

मृत्युपत्र साध्या कागदावर होते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुषाच्या पश्चात पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक प्रमुख कारण हिंदू कोड बिल रखडले हे होते. त्या बिलात मुलींचा वाटा होता. आणि आज आपल्याच वस्तीत, वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. आजारी आईचे अंथरूण-पांघरूण मात्र बहुधा तीच बहीण नाहीतर सून करीत असते. जी सेवा करते तिचे नाव मृत्युपत्रात यावे, एवढा विचार वडीलधाऱ्यांनी जरूर करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, घराचे. आपल्या पिढीचे घर म्हणजे एक-दोन खोल्या, आयुष्यभराच्या नोकरीतून उभ्या राहिलेल्या. ‘आज ना उद्या मुलाचेच आहे’ म्हणून जिवंतपणीच बक्षीसपत्र करून दिले जाते. बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राने आपल्या पश्चात जाते. फरक एवढाच आहे, पण म्हातारपण त्या फरकावर उभे असते. म्हणून शक्यतो मृत्युपत्रच करावे. बक्षीसपत्र करणे भागच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे त्यात स्पष्ट लिहावे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशी अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली एका आईला तिची मिळकत परत दिली. याच कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्चही मागता येतो; त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. माहितीसाठी 14567 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

अनेकजण म्हणतात, ‘कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे, काळजी नाही.’ काळजी आहे! 1872 च्या करार कायद्यानुसार, लिहून देणाऱ्याची बुद्धी भ्रमली की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हाच ते निकामी होते. म्हणून संयुक्त खाते, नॉमिनी आणि मृत्युपत्र ही तिन्ही कामे डोके शाबूत आणि सही चालती असतानाच उरकली पाहिजेत.

खर्चाचेही दोन भाग समजून घ्या. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. त्याचे कार्ड काढून घ्या. पण रुग्णालयातून घरी आल्यावर महिनोन् महिने लागणारी बाई, डायपर, वॉटरबेड हा खर्च त्यात येत नाही. तो आपल्याच पुंजीतून होतो. म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम लग्नात आणि घराच्या माडीत घालू नका. थोडी स्वतःसाठी राखा. ज्यांना पेन्शनच नाही, अशा पासष्टीपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. त्यांचे अर्ज मंडळाने भरून द्यावेत, अशी आमची सूचना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील. येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. एका वहीत खाते क्रमांक, ठेवींच्या पावत्या, विमा, पेन्शनचा कागद, घराचे कागद आणि नॉमिनीचे नाव लिहून काढा. जिथे नॉमिनीची जागा कोरी दिसेल तिथे खूण करा आणि सोमवारी त्यांना बँकेत घेऊन या. आम्ही खिडकीमागे बसलेलोच आहोत.

जयभीम!