क्षयाच्या तपासणीतले रंग जपून हाताळा
क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्यासाठी झील-नेल्सन पद्धतीत थुंकीच्या काचपट्टीवर कार्बोल फुक्सिन ओततात आणि वाफ दिसेपर्यंत पट्टी खालून तापवतात. या लालभडक द्रावणात बेसिक फुक्सिनबरोबर साधारण 5 टक्के फिनॉल असते. बोटांवरचा लाल डाग लगेच डोळ्यांत भरतो. पण तातडीची इजा करते ते फिनॉल. ते कातडीतून शरीरात शिरते आणि ती जागा बधिर करते, त्यामुळे भाजल्याचे उशिरा कळते. म्हणून द्रावण उकळू द्यायचे नाही, खोलीत हवा खेळती ठेवायची आणि अंगावर सांडल्यास दुखण्याची वाट न पाहता भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवायचे.

कोणी म्हणेल, इतकी वर्षे उघड्या हातांनी काम केले, काही झाले नाही. पण कर्करोगासारखा आजार दिसायलाच अनेक वर्षे लागतात. मॅजेंटा, म्हणजे फुक्सिन वर्गातले रंग. त्यांच्या उत्पादनाचे काम माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने काढला आहे. कारखान्याच्या मानाने प्रयोगशाळेतला संपर्क फार कमी, हे खरेच. तरीही कोरडी भुकटी तोलताना ती नाकातोंडात जाऊ शकते. तिथे हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेतच. मात्र धुळीचा मास्क फिनॉलची वाफ अडवत नाही. खर्चाची अडचण असेल, तर निदान तयार द्रावण मागवावे. भुकटी तोलण्याची जोखीम टळते. रोग्याचे निदान करणाऱ्या हातांना एवढे संरक्षण मिळायलाच हवे.