एका पॅनमधलं जेवण

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेलं भाषण)



कमिटीने मला 'सोसायटीतल्या आठवणी' हा विषय दिला होता. टाकीची गळती आणि पार्किंग यांवर आधीचे वक्ते भरपूर बोलून गेले, म्हणून मी स्वयंपाकावर बोलतो. हसू नका.

ही गेली त्याला चार वर्षं झाली. पहिले दहा महिने मी डबा खाल्ला. डबा वाईट नव्हता हो, पण घरात फोडणीचा वास म्हणून नाही. एका शनिवारी तळमजल्यावरच्या आंटी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे गॅस पेटतो की नाही?" मी गप्प. संध्याकाळी त्या म्हापशाच्या बाजारातून आणलेली चोरीसची माळ घेऊन वर आल्या.

चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, लाल मिरची, आलं-लसूण, गरम मसाला आणि माडीच्या व्हिनेगरमध्ये मुरवायचे, आतड्यात भरायचे आणि वाळवायचे. पावसाळ्याच्या बेगमीला, म्हणजे गोव्याच्या 'पुरुमेंता'ला, ही माळ हवीच. पण ते कच्चं असतं, नीट शिजवावंच लागतं.

आंटींनी सांगितलं, मी केलं, आणि पहिल्यांदा बिघडवलं. सवयीने तेल घातलं, मीठही घातलं. चोरीसमध्ये दोन्ही आधीच भरपूर. वर बटाटे कडक राहिले, कारण व्हिनेगरच्या आंबटपणात बटाटा लवकर शिजत नाही. हे मला आंटींनी हसून हसून सांगितलं. खारट रस्सा आणि टणक बटाटे आम्ही दोघांनी पावाबरोबर संपवले. दहा महिन्यांत माझ्या टेबलावर दुसरं ताट तेव्हा पहिल्यांदा लागलं.

आता जमतं. लिहून घ्यायचं असेल तर घ्या. दोघांना पाव किलो चोरीस, तीन कांदे, दोन बटाटे, मूठभर फरसबी, एक सिमला मिरची. बटाट्याच्या लहान फोडी आधी अर्धवट उकडायच्या. स्टीलचा जाड बुडाचा पॅन घ्या. लोखंडी कढई नको, व्हिनेगर तिला लागतं. सॉसेजची साल काढून आतलं मांस कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर टाकायचं. पाच-सात मिनिटांत लाल चरबी सुटते, तेच तेल. त्यात कांदा मऊ करायचा, मग फरसबी, बटाटे, अर्धी वाटी पाणी आणि झाकण. मांस पूर्ण शिजेपर्यंत घाई नको. सिमला मिरची शेवटी. चव बघूनच मीठ. भांडं एकच घासायचं, ही आम्हा पुरुषांची खरी सोय.

वास जिन्यात जातो, हे मान्य. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शाकाहारी; मी आधी त्यांना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवा, आणि मसाला तेवढा मला द्या." आता त्याच मसाल्यात त्या सुरण करतात. मी दोनदा खाल्लंय.

बी विंगमध्ये माझ्यासारखे आणखी तिघे आहेत. नावं घेत नाही, ते ऐकताहेत. पुढच्या शनिवारी साडेसातला माझ्याकडे या. पाव मी आणतो, कांदे तुम्ही चिरा.